दहा ढांगा

त्या दिवशी सकाळी ऑफिससमोरचा रस्ता ओलांडताना त्याची दुसरीच ढांग काळ्यावर पडली. गोष्ट एवढीच. झेब्रा क्रॉसिंगवर माणसं कुठंही पाय टाकतात, फोनवर बोलत बोलत काळ्यापांढऱ्याच्या मधोमध टाकतात, आणि कुणाचं काही अडत नाही. पण याला सव्वीस वर्षांची खोड होती. पहिल्या पांढऱ्या पट्ट्याच्या बरोबर मध्ये उभं राहायचं, एक लांब ढांग टाकून दुसऱ्या पांढऱ्यावर जायचं, तिथून तिसऱ्यावर. पट्टा अर्धा मीटर, मधली मोकळी जागा अर्धा मीटर. ते रंगवणारी माणसं याच ऑफिसच्या तळमजल्यावर बसत, त्यामुळे माप त्याला तोंडपाठ. बारा पट्टे, अकरा ढांगा. मधली दोन-अडीच वर्षं पट्टे इतके पुसून गेले होते की पांढरं कुठं संपतं आणि डांबर कुठं सुरू होतं ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं, म्हणून तो आपला इतर माणसांसारखा चालत गेला. या आठवड्यात नवा रंग बसला, आणि जुनी मैत्री आठवावी तसा तो खुशीत पहिल्या पट्ट्यावर उभा राहिला. पहिली ढांग दुसऱ्या पांढऱ्याच्या अगदी अलीकडच्या काठावर पडली. दुसरी काळ्यावर. त्याला वाटलं, रंगवणाऱ्यांनी कसंतरी उरकलं, माप चुकवलं. तो पुढं गेला, मोजत गेला, आणि पलीकडच्या फुटपाथला लागेपर्यंत चौदा झाल्या. मागं वळून पट्टे बघत तो तिथंच उभा राहिला, तेव्हा एका गाडीवाल्यानं हॉर्न दिला आणि काच खाली करून विचारलं, “काका, हरवलंय का काही?”

ऑफिसात त्याला ‘टेप’ म्हणत. नाव ठेवणारे केव्हाच रिटायर होऊन गेले, नाव मागं राहिलं. शहराच्या वरच्या अंगाला डोंगर चढत गेलेली वस्ती होती, चारशे बारा घरं, आणि शेवटच्या घराच्या मागं जंगल. ते जंगल उन्हाळ्यात पेटतं. दरवर्षी पेटत नाही, म्हणून लोक विसरतात. आणि लोक विसरतात म्हणून याची नोकरी. दर दोन वर्षांनी प्रत्येक घराभोवती फिरायचं. पन्हळीत वाळका पाला नको, खिडकीखाली झुडूप नको, भिंतीला टेकून लाकूडफाटा नको, गवत घोट्याच्या वर नको. आणि मुख्य म्हणजे भिंतीपासून दहा मीटरपर्यंत मोठं झाड नको. आतल्या झाडावर लाल फुली मारायची, म्हणजे मालकानं ते महिन्याभरात पाडायचं. दहाच्या बाहेरचं पहिलं झाड असेल त्याच्या खोडाला पांढरा पट्टा मारायचा, म्हणजे इथून पुढचं राहू द्या, इथून पुढं आमचं काही म्हणणं नाही. नियमात टेप लावायची असं लिहिलेलं होतं. पण टेप धरायला दोन माणसं लागतात, आणि दुसरं माणूस ऑफिसनं पंधरा वर्षांपूर्वी कमी केलं. त्याला त्याचं काही वाटलं नव्हतं. त्याची ढांग म्हणजे मीटर, ही काळ्या दगडावरची रेघ. नव्यानं लागलेली पोरं त्याच्या मागून टेप लावून बघायची आणि हात टेकायची.

ही ढांग त्याला म्हाताऱ्यानं शिकवली. म्हातारा म्हणजे त्याच्या आधीचा तपासनीस. तेव्हा तो पन्नाशीचाही नसेल, पण यानं त्याला कधी दुसरं काही म्हटलं नाही. एका शाळेच्या मैदानावर टेप अंथरून म्हाताऱ्यानं त्याला तीन महिने चालवलं. रोज संध्याकाळी शंभर ढांगा. दमल्यावर शंभर, जेवल्यावर शंभर, चढावर शंभर, नवे बूट घालून शंभर. “टेप घरी विसरशील,” म्हातारा म्हणायचा, “पाय नाही विसरणार.” शेवटच्या दिवशी शंभर ढांगांत चार बोटांचा फरक पडला तेव्हा म्हाताऱ्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली होती, आणि ती थाप लग्नातल्या, बारशातल्या कुठल्याही कौतुकापेक्षा त्याच्या अंगात जास्त मुरली. पाय म्हातारे होतात, हे मात्र म्हाताऱ्यानं सांगितलं नव्हतं. त्याला ते माहीत असणारच. किंवा नसेलही; त्याला साठीच्या आत अर्धांगानं आडवं केलं, पाय आखूड व्हायला त्याला वेळच मिळाला नाही.

टेबलावर चहा ठेवून तो कॉरिडॉरमध्ये आला. फरशी अर्ध्या मीटरची. दहा ढांगा म्हणजे वीस फरश्या, हे गणित तिसरीतल्या पोराला येईल. जिन्याच्या कठड्याला पाठ लावून तो निघाला. शिपाई बाकावर बसून कागद दुमडत होता, त्यानं वर पाहिलं नाही. दहावी ढांग जिथं पडली तिथून त्यानं मागं वळून फरश्या मोजल्या. सोळा. पुन्हा मोजल्या. मग परत कठड्याला जाऊन, दात आवळून, डावा गुडघा कळ मारेपर्यंत ताणून चालला, तर साडेसतरा झाल्या. पण ते काही खरं नव्हे. ताणून कोण चालतं रोज? सोळा फरश्या म्हणजे आठ मीटर. तो आकडा त्याच्या डोक्यात आला आणि मग जाईना. आठ मीटर. आठ मीटर दहा सेंटिमीटर. हे कुणीतरी मोठ्यानं वाचलेलं त्यानं ऐकलं होतं, पंखा फिरत असलेल्या एका खोलीत, लांब टेबलाच्या टोकाला बसून. त्यानं कठडा धरला. शिपाई म्हणाला, “बीपी वाढलं वाटतं तुमचं, बसा जरा.” तो बसला.

गेल्या फेरीतलं पहिलंच घर ते. डोंगराच्या माथ्यावरचं, वस्तीतलं सगळ्यात शेवटचं. तो नेहमी वरून सुरुवात करून उतरत यायचा, उतार गुडघ्याला बरा म्हणून. तिथं एक घड्याळजी राहत होते. सगळी वस्ती त्यांना घड्याळवाले म्हणे. सत्तरीचा माणूस, दुकान बंद करून घरीच कामं घेणारा, नाकासमोर चालणारा. त्यांची बायको मागच्या अंगणात पाला गोळा करत होती. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर एक उंच निलगिरी, सालीच्या लांब लांब पट्ट्या लोंबत असलेली, आणि त्या पट्ट्यांचा आणि पानांचा खाली हा एवढा ढीग. यानं भिंतीला टाच लावली, दहा ढांगा टाकल्या, आणि दहावीला बुटाचं टोक खोडाला लागलं. बाई म्हणाल्या, “हे पाडायला सांगा की हो. पाला भरून भरून खांदे गेले माझे.” आणि तो म्हणाला होता, त्याला प्रत्येक शब्द आठवत होता, तो हसून म्हणाला होता, “बाई, हे दहावर आहे. नियमात बसतंय. बिचाऱ्यानं काय घोडं मारलंय तुमचं?” आणि त्यानं डब्यात ब्रश बुडवून पांढरा पट्टा मारला होता. घड्याळवाले दारातून बघत होते. त्यांनी बायकोला सांगितलं, “साहेबांनी पट्टा मारलाय ना, मग राहील ते. मापानं घेतलंय त्यांनी.” मापाची किंमत त्या माणसाला होती. त्याचा सगळा जन्म मापात गेला होता.

पाच महिन्यांनी वणवा आला. दुपारी, वारा फिरल्यावर. घड्याळवाले दुरुस्त केलेलं घड्याळ पोचवायला खाली शहरात गेले होते, आणि परत येताना रस्ता बंद केलेला. ते वळणावर पोलिसांशी भांडत उभे होते तेव्हा वरून त्यांचं घर दिसत होतं. जंगलाकडून आलेली आग मोकळ्या पट्ट्यापाशी थबकली, असं बंबवाल्यांनी नंतर सांगितलं. ती जमिनीवरून आलीच नाही. ती निलगिरीवर चढली, आणि जळत्या सालीच्या पट्ट्या छपरावर, पन्हळीत, खिडकीच्या चौकटीवर पडत राहिल्या. बाई न्हाणीघरात सापडल्या. दाराच्या फटींत त्यांनी ओले टॉवेल कोंबले होते, सांगितलं होतं तसं, कुठल्याशा पत्रकात छापलं होतं तसं. ते पत्रक यानंच घरोघर वाटलं होतं.

मग चौकशी झाली. जळक्या बुंध्यापर्यंत टेप लावली, दोन माणसांनी, आणि आकडा आला आठ मीटर दहा. साल जळून गेल्यावर खोडावर पट्टा होता की फुली होती हे सांगणार कोण? घड्याळवाले म्हणत राहिले, पांढरा होता, साहेबांनी माझ्या डोळ्यांदेखत मारला. लांब टेबलाच्या टोकाला याला विचारलं, तेव्हा यानं छातीवर हात ठेवून सांगितलं की दहाच्या आतल्या झाडाला पांढरा पट्टा माझ्या हातून पडणं शक्य नाही, सव्वीस वर्षांत पडला नाही. तो खोटं बोलला नव्हता. हे तो आता स्वतःला सांगत होता आणि ते खरंच होतं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता. “मग काय मी मारला पट्टा?” घड्याळवाले म्हणाले होते. “चोर सोडून संन्याशाला फाशी देताय तुम्ही.” कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. अहवालात आलं, मालकाची हयगय. आणि त्या खोलीच्या दारात घड्याळवाल्यांची लेक उभी होती, लांबच्या गावाहून आलेली, बापाला वर्षानुवर्षं झाडं पाडा म्हणून सांगत आलेली. तिनं बापाकडं पाहिलं, एक शब्द बोलली नाही, आणि निघून गेली. बाप मागून हाक मारत होता. यानं त्या वेळी मान खाली घालून फाइल बंद केली होती, आणि मनात म्हटलं होतं, म्हातारपणी माणसं खोटं का बोलतात.

दिवसभर तो फाइल उघडून बसला आणि एकही ओळ वाचली नाही. चारशे बारा घरं. एक जळून गेलं. राहिली चारशे अकरा. प्रत्येक घरी चारी बाजूंनी दहा ढांगा, प्रत्येक ढांग वीतभर आखूड, आणि आठ-नऊ मीटरवरच्या कितीतरी झाडांच्या अंगावर त्याच्या हातचा पांढरा पट्टा. उन्हाळ्याला महिना उरला होता. जे झाड त्यानं विसरायचा प्रयत्न केला ते डोळ्यांपुढं लखलखीत उभं राहिलं. गॅसच्या टाकीजवळचं एक. एका आंधळ्या मास्तरांच्या खोलीमागचं एक. बाळंतिणीच्या खिडकीबाहेरचं एक, जिच्या आईनं त्याला सरबत दिलं होतं. सांगून टाकावं, त्याला वाटलं, आत्ता उठून मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन सांगून टाकावं. मॅडम त्याच्याहून वीस वर्षांनी लहान, चौकशीत त्याच्या शेजारी बसलेल्या, त्यानं सांगितलं त्यावर सही केलेल्या. तो उठला, दारापर्यंत गेला, आणि प्यायला पाणी घेऊन परत आला. भीती नेमकी कशाची, हे त्याला धड सांगता येईना. नोकरीची नव्हती, ती दोन वर्षांत जायचीच होती. आपण आयुष्यात एकच गोष्ट बिनचूक केली, आणि तिनंच माणूस मारलं, हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची भीती होती. आतापर्यंत ते फक्त त्याला माहीत होतं, आणि माणूस स्वतःला फार हळू आवाजात सांगतो.

संध्याकाळी बायकोबरोबर भाजी आणायला गेला तेव्हा तो तिच्या पायांकडं बघत चालला. ती बुटकी, भरभर चालणारी. लग्नानंतरची कितीतरी वर्षं ती मागून ओरडायची, अहो थांबा, मी काय पळत येऊ का. आता ती त्याच्या शेजारून, पिशवी त्याच्या बाजूच्या हातात बदलून घेत, बोलत बोलत चालत होती. “मी हळू चालायला लागलोय का गं?” त्यानं विचारलं. “दोन वर्षं झाली की,” ती म्हणाली, “त्या घसरणीवर पडलात ना, तेव्हापासून.” “मग बोलली का नाहीस?” ती थोडी लाजली, या वयात. “मला वाटलं माझ्यासाठी चालताय. म्हटलं, उशिरा का होईना, बायकोबरोबर चालायचं सुचलं माणसाला. बोलले असते तर परत पुढं पळाला असतात.” जे तिच्या सुखाचं झालं तेच, असं काहीतरी त्याच्या मनात येऊ लागलं, आणि त्यानं ते पुरं होऊ दिलं नाही. घरी आल्यावर त्यानं तिला सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता भाजी निवडायची थांबली, मग पुन्हा निवडू लागली. निवडता निवडता म्हणाली, “आधी त्या माणसाला सांगा. ऑफिसचं नंतर. त्याची लेक तुटलीय तुमच्या पायी.”

रविवारी तो टेप घेऊन माथ्यावर गेला. चढताना त्यानं पट्टे मोजायचे नाहीत असं ठरवलं होतं, तरी ते दिसतच होते, वर्ष-दीड वर्षात जरा मळलेले, घरांच्या मागून डोकावणारे. एका पट्टेवाल्या झाडाला कुणीतरी झोपाळा बांधला होता. घड्याळवाल्यांच्या जागेवर घराचं नुसतं जोतं उरलं होतं, आणि त्याच्या एका कोपऱ्यावर पत्र्याची खोली. दार उघडं होतं. घड्याळवाले डोळ्याला भिंग लावून बसले होते, समोर कुणाचंतरी मनगटी घड्याळ पोट उघडून पडलेलं. त्यांनी भिंग काढलं आणि याला ओळखलं, पण चेहऱ्यावर काही आलं नाही. “या साहेब,” ते म्हणाले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. यानं बसायला नको म्हटलं. आधी दाखवतो, मग बोलतो, असं काहीसं पुटपुटून तो बाहेर आला, स्वयंपाकघराच्या जोत्याच्या दगडाला टेपेचं टोक अडकवलं आणि बुंध्यापर्यंत ओढली. आठ मीटर दहा. मग टेप गुंडाळली, त्याच दगडाला टाच लावली, आणि मोठ्यानं मोजत चालू लागला. घड्याळवाले दारात येऊन उभे राहिले. दहाव्या ढांगेला बुटाचं टोक जळक्या बुंध्याला लागलं. “दहा,” तो म्हणाला.

“परत एकदा करा,” घड्याळवाले म्हणाले. त्यानं केलं. “आणखी एकदा. आमच्यात तीनदा बघतात.” तिसऱ्यांदाही टोक तिथंच लागलं. घड्याळवाले बुंध्यापाशी आले, खाली वाकून बुटाच्या टोकाकडं नीट पाहिलं, जसं काही तिथंच काहीतरी बारीक बिघडलेलं दिसणार होतं. मग कमरेवर हात ठेवून सरळ झाले. “म्हणजे तुम्हीही खोटं बोलला नव्हता,” ते म्हणाले. “मी चार महिने तुम्हाला शिव्या घालत होतो. झोपेत घालत होतो.” यानं हात जोडले. सोमवारी ऑफिसात लेखी देतो, अहवाल बदलायला लावतो, तुमच्या लेकीला मी स्वतः जाऊन सांगतो की तुमचे वडील खरं बोलत होते. हे सगळं त्यानं येताना घोकलं होतं आणि ते एका दमात बाहेर पडलं. घड्याळवाले ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, “चहा घेणार?” आणि उत्तराची वाट न बघता आत गेले.

चहा उकळत असताना, पाठ याच्याकडं करून, त्यांनी सांगितलं. लेक चार महिने बोलली नाही. फोन उचलेना, पत्राला उत्तर नाही. मी रोज तेच तेच लिहायचो, बाई, पट्टा पांढरा होता, तुझ्या आईची शपथ. मग एक दिवस मला वाटलं, शपथ कशाला घेतोस रे, ती आता आहे कुठं? आणि मी लिहिलं, फुली लाल होती. मी खरवडून काढली. मला सावली हवी होती दुपारची. चुकलो, मला माफ कर. “तिसऱ्या दिवशी फोन आला,” घड्याळवाले म्हणाले. “अर्धा तास रडली. मी पण रडलो. म्हणाली, बाबा, तुम्ही कबूल केलंत ना, बस्स. खोटं बोलत होता त्याचाच राग होता मला.” त्यांनी कप त्याच्या पुढं ठेवला. “आता कधीकधी मला ते आठवतं पण. खरवडलेलं. नखात रंग गेलेला. कुठली गोष्ट खरी आहे ते मी आता लक्षात ठेवत नाही.”

चहा संपला. अकराच्या सुमाराला टेबलावरचा फोन वाजला आणि घड्याळवाल्यांचा चेहरा एकदम उजळला, म्हणजे नुसता बापाचा झाला. “हां, बोल गं. घेतली गोळी. हो, जेवणाआधीच घेतली. नाही, एकटा नाहीये, ते तपासनीस आलेत.” पलीकडून आवाज चढला, शब्द कळत नव्हते, राग कळत होता. घड्याळवाले बोलता बोलता याच्या डोळ्यांत बघत होते. “अगं, ते कशाला मला काही म्हणतील? त्यांचं काम त्यांनी केलं होतं. करणी माझी, ती मी कबूल केलीय ना तुझ्यापाशी? झालं तर मग. रुसू नकोस त्यांच्यावर.” हा उघडं तोंड घेऊन बसला होता. आत्ता फोन मागावा, त्याला वाटलं, हात पुढं करावा, दोन वाक्यं. हात गुडघ्यावरच राहिला. दुखऱ्या गुडघ्यावर, तो चोळत.

फोन ठेवून घड्याळवाले म्हणाले, “साहेब, बाकीची घरं मापा. उद्याच सुरू करा, उन्हाळा आलाय. पण माझं घर मध्ये आणू नका.” “ते खोटं होईल,” हा म्हणाला. “मी बोललोच आहे खोटं. तुम्ही आता एकट्यानं खरं बोलून काय करणार? तिला समजेल की बाप तेव्हा खरा होता आणि नंतर खोटा रडला. चार महिने मी बापाला उगाच छळलं, हे घेऊन बसेल ती जन्मभर. आई तर गेली. बाप मिळालाय, तो राहू द्या.” हा म्हणाला, “बाईंनी सांगितलं होतं मला. पाडा म्हणाल्या होत्या.” घड्याळवाल्यांनी मान हलवली. “मी पण ऐकलं होतं ते,” ते म्हणाले. “आपण दोघांनी मापाचं ऐकलं.” आणि त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, म्हणजे आता जा.

उतरताना त्याचा गुडघा दुखत होता आणि अंगाला मात्र हलकं वाटत होतं. आधी त्याला वाटलं, सांगून टाकल्याचं हलकेपण. पहिल्या वळणावर कळलं, तसं नाही. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, अशातली गत झाली होती. तो शिक्षा मागायला म्हणून चढला होता, निदान स्वतःला त्यानं तसं बजावलं होतं, आणि खाली उतरत होता ते सुटून. ज्या एका घरापायी त्याला रात्रंदिवस मान वर करता आली नसती, तेच घर मालकानं आपण होऊन यादीतून काढून मागितलं होतं. दया म्हणून ‘नाही’ म्हणायचं नाही. दया म्हणून गप्प बसायचं. यात दया किती आणि आपली कातडी किती, हे कुठल्या टेपेनं मापायचं? त्याला स्वतःची किळस आली आणि ती किळसही फार वेळ टिकली नाही, कारण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ते पट्टे होते आणि वारा कोरडा झाला होता. झोपाळ्याच्या झाडापाशी तो थांबला, कुंपणावरून आत शिरला, कुणालाही न विचारता टेप लावली. आठ मीटर चाळीस. घरातून एक बाई बाहेर आली. “काय हो, गेल्या खेपेला मापून गेलात की तुम्ही!” “चुकलं होतं,” तो म्हणाला. “माझं पाऊल आखूड झालंय. हे झाड पाडा. आजच माणूस बोलवा.” हे शब्द तोंडातून किती सहज निघाले याचं त्याला नवल वाटलं. बाई त्याच्या पायांकडं बघत राहिली.

सोमवारी त्यानं मॅडमच्या टेबलावर यादी ठेवली. हातानं लिहिलेली, फेरीच्या क्रमानं घर क्रमांक दोन ते चारशे बारा, आणि वर चार ओळींचा अर्ज: गुडघ्याच्या दुखण्यामुळे ढांग वीस सेंटिमीटरनं आखूड झाल्याचं लक्षात आलं, सबब खालील सर्व घरं टेप लावून पुन्हा मापावीत, चूक सर्वस्वी माझी. मॅडमनी अर्ज दोनदा वाचला. त्यांनी दार लावायला सांगितलं. “तुम्हाला कळतंय ना काय लिहिलंय? सगळी वस्ती अंगावर येईल. तुम्हाला फिल्डवरून काढावं लागेल.” “काढा,” तो म्हणाला, “पण आज माणसं द्या. आठ जोड्या मिळाल्या तर उन्हाळ्याच्या आत होईल.” मॅडमनी फोन उचलला, ठेवला, यादीवरून बोट फिरवत खाली गेल्या आणि परत वर आल्या. बोट पहिल्या ओळीवर थांबलं. “दोनपासून का?” त्यांनी विचारलं. त्याला पंख्याचा आवाज ऐकू आला. तो म्हणाला, “पहिलं घर केलं तेव्हा गुडघा ठीक होता. दुसऱ्या दिवसापासून दुखायला लागला.” मॅडमनी वर पाहिलं. चौकशीच्या खोलीत त्या त्याच्या शेजारी बसल्या होत्या, आणि आठ मीटर दहा हा आकडा त्यांनीही ऐकला होता. वीस सेंटिमीटर गुणिले दहा हे गणित त्यांनाही येत होतं. तो वाट बघत राहिला, त्यांनी म्हणावं, खोटं बोलताय. एवढं एक वाक्य. त्यानं पायाची बोटं बुटात आवळून धरली. मग मॅडमनी पेनाचं टोपण काढलं आणि अर्जावर सही करता करता, मान खाली घालूनच म्हणाल्या, “चला, निदान ते एक घर तरी बरोबर मापलं होतं म्हणायचं.”

“हो,” तो म्हणाला. “तेवढं एकच बरोबर होतं.”